व्यवसाय : नोकरी

गेल्या महिन्यातल्या सभासद डॉक्टरांच्या पत्रांचा सूर एकच होता. वेल्डरला मँगॅनीजची विषबाधा असावी असे डॉक्टरने कळवले, तर 'निदान निश्चित करून, रक्ताच्या अहवालासह पाठवा' असा शेरा मारून सरकारी कार्यालयाकडून कागद परत. शेरा मारणाऱ्याने कायदा उघडलेला दिसत नाही. कारखाने कायदा, 1948 चे कलम 89 पुरावा मागत नव्हते. रोग असल्याचे डॉक्टरला वाटले तरी कळवणे बंधनकारक आहे, रुग्णाने काम सोडलेले असले तरीही. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली. जुन्या कायद्यात न कळवणाऱ्या डॉक्टरला 1000 रुपयांपर्यंत दंड होता. कागद परत करणाऱ्याला काहीच नाही!

रक्ताचा अहवाल मागणे तर विनोदच. मँगॅनीज रक्तातून लवकर उतरते, मेंदूत रेंगाळते. एमआरआयवर दिसणारी ग्लोबस पॅलिडसमधली टी-1 चमक ही संपर्काची खूण, रोगाची नव्हे. पण तीही संपर्क सुटल्यावर सहा महिने ते वर्षभरात ओसरते. पत्रव्यवहार संपेपर्यंत एमआरआय कोरा.

दोष एकट्या कार्यालयाचा नाही. कोंबड्यासारखा चवड्यांवर चालणारा, मागे तोल जाणारा, लेव्होडोपाला दाद न देणारा पन्नाशीच्या आतला रुग्ण समोर बसतो आणि केसपेपरवर 'व्यवसाय : नोकरी'. फेरोमँगॅनीजची भट्टी, भंडाऱ्यातली चिखला किंवा डोंगरी बुजुर्गची खाण, बंद टाकीतले वेल्डिंग, सगळे त्या एका शब्दात गडप. ग्लासगोच्या कूपरने मँगॅनीज दळणाऱ्या कामगारांचा आजार 1837 सालीच ओळखला, तेव्हा एमआरआय नव्हता.

प्रत्येक कंपवात धातूच्या माथी मारणेही चूक. गोरेल यांच्या डेट्रॉइटमधील अभ्यासात 20 वर्षांहून अधिक संपर्क असलेल्यांत मँगॅनीज आणि तांब्याचा पार्किन्सनशी संबंध दिसला. डेन्मार्कच्या वेल्डरांत जोखीम वाढलेली आढळली नाही. सबस्टॅन्शिया नायग्रातले वाढीव लोह कारण की परिणाम, हाही वाद आहेच. पण नोंदीच नसतील तर वाद घालायचा कशावर?

तेव्हा सभासदांनी उद्याच्या ओपीडीपासूनच विचारावे : कोणता रॉड, किती वर्षे, जागा बंद की उघडी, तोंडाला रुमाल की रेस्पिरेटर. संशय आला की सूचना त्याच दिवशी, पोच घेऊन. परत आलेल्या कागदाची प्रत रुग्णाचे नाव झाकून 15 तारखेपर्यंत इकडे पाठवावी. सगळा गठ्ठा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयापुढे ठेवायचा आहे. मागच्या आवाहनाला आलेली उत्तरे एका लिफाफ्यात मावली होती.