फोटोसाठी धावताय की तब्येतीसाठी?

अलिबागला आलात की पहाटे पुळणीवर अनवाणी धावा, समोर कुलाबा किल्ला, मस्त फोटो येतो! हा सल्ला देणाऱ्यांशी माझे सरळ भांडण आहे.

अनवाणी धावणे म्हणे ‘नैसर्गिक’. विंचूही नैसर्गिकच असतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना शिंपला किंवा काच रुतल्याचे कळतही नाही. जखम दिसते ती चिघळल्यावर. मधुमेही असाल तर बूट घालूनच धावा आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहा.

दुसरे, वाळू. भुसभुशीत वाळूत धावायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी हे केले, तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखणारच. छातीत दुखले किंवा दाटून आले तर मात्र ‘दम लागला असेल’ म्हणू नका. थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा.

समुद्राची हवा ‘थंडगार’ असते, हाही गैरसमज. दमट हवेत घाम नीट वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. धावणारा असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा, सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता आणि रुग्णवाहिका बोलवा.

किनाऱ्यावरच धावायचे आहे? मग ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. किल्ल्याकडे निघण्यापूर्वी ती स्थानिक कोळ्यांना विचारा, रील बनवणाऱ्याला नको.