लेखकाआधी पुस्तक, लेखकानंतर वही

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरला, पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरला. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. निसर्गावर लिहिणाऱ्या लेखकाला शाळेत बोलावण्याची ही हक्काची संधी आहे. अमरावती-अकोल्याच्या शाळांनी ती जरूर घ्यावी, पण कार्यक्रमाची रीत मात्र बदलावी.

आजची रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. सभागृहात सतरंज्या पडतात. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि मग भाषण. मुलांच्या प्रश्नांची वेळ येते तेव्हा शाळा सुटायला आलेली असते. समोरच्या मुलांनी या लेखकाचं एकही पान वाचलेलं नसतं, मग ती विचारणार तरी काय? म्हणून माझा आग्रह आहे की लेखक येण्याआधी त्याचं पुस्तक शाळेत यावं आणि तो गेल्यावर मुलांच्या हाती नोंदींची वही राहावी.

वाचायला पुस्तकं आहेत. किरण पुरंदरे पुणं सोडून नागझिऱ्याच्या जंगलालगत राहायला गेले. शीळ घालून पाखरांशी बोलणारा हा माणूस मुलांना लगेच आपला वाटतो. त्यांचं ‘पक्षी - आपले सख्खे शेजारी’ अंगणातल्या पाखरांपासून सुरुवात करून देतं. चितमपल्लींनी धनगोपाल मुखर्जींच्या कबुतराची गोष्ट ‘चित्रग्रीव’ या नावानं मराठीत आणली. मूळ इंग्रजी पुस्तकाला १९२८ मध्ये अमेरिकेतलं न्यूबेरी पदक मिळालं होतं. अशा पुस्तकांच्या पाच-दहा प्रती वर्गात फिरल्या, तरी लेखकाच्या भेटीचा रंग पालटेल.

वही कशासाठी, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून मुलांना पटकन कळेल. सातपुड्यातलं हे छोटं घुबड दिवसाढवळ्या वावरतं. १८७३ मध्ये शास्त्रानं त्याला नाव दिलं आणि १८८४ नंतर ते कुणाला खात्रीनं दिसलंच नाही. मधल्या काळात माइनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुना नमुना त्यानं चोरला होता आणि त्याच्या चिठ्ठीवर खोटी जागा, खोटी तारीख घातली होती. त्या एका चिठ्ठीनं पुढच्या शोधाची दिशाच चुकली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली. खऱ्या नोंदींचा माग काढत त्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ पोचल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. तारीख, जागा आणि जे दिसलं तेवढंच खरंखरं लिहिण्याची किंमत किती मोठी आहे, हे सहावीतल्या मुलालाही यावरून उमगतं.

असं लिहायला जंगलच लागतं असं नाही. नोव्हेंबरात वऱ्हाडात पऱ्हाटी फुटलेली असते, वेचणी चालू असते, तूर फुलांवर असते. वावरावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी घार उंदरावर नजर ठेवून असते. तारेवरचा कोतवाल किडे टिपतो. हरभऱ्यात घाटेअळीसाठी शेतकरी पक्षीथांबे रोवतात. त्या थांब्यावर दिवसभरात कोण कोण बसलं, हे धुऱ्यावरून मोजणारं पोरगं कृषी विद्यापीठाच्या उपयोगाचं काम करतं. अकोल्याच्या मुलांना कापशी तलाव आणि काटेपूर्णा आहे, अमरावतीच्या मुलांना वडाळी, छत्री तलाव आणि पोहऱ्याचं रान. लेखकानं सभागृहातलं बोलणं वीस मिनिटांत आवरावं आणि मुलांना घेऊन बाहेर पडावं.

मेळघाटातल्या आश्रमशाळांत तर लेखकानं आधी ऐकायला बसावं. कोरकू मुलांना झाड, पाखरू, माग यांची जी ओळख घरातून मिळते, ती शहरातल्या लेखकाला पुस्तकं वाचून मिळत नाही. चितमपल्लींनीही आपलं ज्ञान रानात राहणाऱ्या माणसांकडून वेचलं. मूळचे सोलापूरचे हे वनाधिकारी विदर्भाच्या जंगलांत रमले, मेळघाटातही त्यांनी काम केलं. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांचं स्मरण करायचं तर या मुलांचं ज्ञान मुलांच्याच नावानिशी वहीत उतरलं पाहिजे.

एक अडचण खरी आहे. पक्षी सप्ताह अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पण ही अडचण कामाची आहे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मुलांच्या हाती पुस्तक द्या. सुट्टीत गावी, मामाच्या वावरात वही भरू द्या. शाळा उघडली की लेखकाला बोलवा. तेव्हा प्रश्न मुलांकडून येतील.

आणि शालीचे पैसे पुस्तकांवर खर्च करा. लेखकाला मात्र प्रवासखर्च आणि मानधन द्या. आडगावच्या शाळेत वर्षातून दोनदा येऊ शकणारा लेखक आपल्याला हवा असेल, तर त्याचं पोट भरण्याची जबाबदारी शाळा, पालक आणि जिल्हा परिषद यांनी मिळून उचलली पाहिजे.