पॉलिसी ५ लाखांची, पण रूम कितीची?

तुमच्या घरी हेल्थ इन्शुरन्स आहे का, असं विचारलं तर बरेच जण ‘हो, आहे ना’ म्हणतील. कितीचा? ‘५ लाखांचा.’ बरं, त्यात रूमच्या भाड्याची लिमिट किती? इथे गाडी अडते. ‘ते बाबांना माहीत असेल.’ आणि बाबांना विचारलं तर ते एजंटचा नंबर देतात.

आता विचार करा, घरात कुणी अचानक आजारी पडलं की अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर कोण उभं असतं? बाबा पेशंट, आई त्यांच्याजवळ. आधारची झेरॉक्स, पॉलिसी नंबर, हेल्पलाइनचं होल्डवरचं म्युझिक, हे सगळं आपल्या वाट्याला येतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की, घरातली पॉलिसी वाचून ठेवायचं काम आपलं आहे, आई-बाबांचं नाही. ओटीटीचा प्लॅन घेताना किती स्क्रीन मिळतात ते आपणच बघतो ना?

सुरुवात रूमपासून करा. काउंटरवर विचारतात, ‘जनरल, शेअरिंग की सिंगल?’ आपल्याला वाटतं, आजारी माणूस आहे, चांगली रूम घेऊ, वरचा फरक आपण भरू. पण फरक फक्त रूमचा नसतो, हीच तर मेख आहे. अनेक पॉलिसींत रूमचं दिवसाचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का इतकंच मंजूर असतं. म्हणजे ५ लाखांच्या पॉलिसीत ५ हजार रुपये. तुम्ही १० हजारांची रूम घेतलीत, तर कंपनी रूमचं निम्मं भाडं देते आणि त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्म्यावर आणते. कारण बऱ्याच हॉस्पिटलांत रूम वरची घेतली की तीच व्हिजिट आणि तेच ऑपरेशन महाग होतं.

हिशेबच मांडू. चार दिवसांचं बिल २ लाख. त्यात रूमचे ४० हजार, डॉक्टर-नर्सिंग-ओटीचे १ लाख १० हजार, औषधं आणि तपासण्यांचे ५० हजार. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, तसा नियम आहे. त्यामुळे कंपनी देणार २० अधिक ५५ अधिक ५०, म्हणजे १ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार तुमच्या खिशातून. बिल २ लाखांचं, पॉलिसी ५ लाखांची, तरीही! याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. नाव एवढं जड, आणि समजतं ते डिस्चार्जच्या दिवशी.

एवढी महत्त्वाची अट शोधायला चाळीस पानं का चाळायची, असा राग येणं साहजिक आहे. मलाही येतो. पण २०२४ पासून कंपन्यांना प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं, आणि मागितलं तर ते मराठीतही द्यायला हवं. मागा. रूमची लिमिट, को-पे, वेटिंग पीरियड, सगळं त्या दोन-चार पानांत असतं. को-पे २० टक्के असेल, तर दर १०० रुपयांच्या मंजूर खर्चातले २० तुमचे.

दुसरी गोष्ट फॉर्मची. बाबांना शुगर आहे, आईला बीपी आहे, आणि एजंट म्हणतो, ‘कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल.’ इथे तुम्ही मध्ये पडाच. आजार लिहिला तर त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, मग तो कव्हर होतो. लपवला आणि दोन वर्षांनी हार्टचा क्लेम आला, की कंपनी जुने कागद मागवते आणि ‘माहिती दडवली’ म्हणून हात वर करते. तेव्हा एजंट फोन उचलेलच असं नाही.

तुमचं स्वतःचं काय? बहुतेक फॅमिली फ्लोटरमध्ये मुलं २५ वर्षांपर्यंतच असतात. त्यानंतर त्याच कंपनीत स्वतःची पॉलिसी घेतली, तर आधी मोजलेला वेटिंग पीरियड वाया जात नाही. फक्त ते वेळेत मागावं लागतं. ‘जॉब लागला की कंपनी देईलच’ हे खरं, पण तो जॉब सोडला की ते कव्हरही तिथेच राहतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय, म्हणजे एक सबब तर कमी झाली.

आणि ज्यांच्या घरी पॉलिसीच नाही? हॉस्टेलवर असे खूप जण असतात, फक्त बोलत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता पांढरं रेशन कार्डही चालतं. अट एवढीच, की हॉस्पिटल आणि आजार योजनेच्या यादीत हवेत. तिथला आरोग्यमित्र ते सांगतो. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे काउंटरवर आपणहून कुणी सांगेल याची वाट बघू नका. विचारायला लाजायचं काय त्यात? ती कुणाची मेहेरबानी नाही.

आता समजा, सगळं वाचलं आणि तरी कॅशलेस नाकारलं. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. बिल भरून, कागद जपून नंतर पैसे मागता येतात. नियमाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत मंजुरी द्यायची. उशीर झाला तर वाढलेला हॉस्पिटलचा खर्च कंपनीचा. क्लेमच फेटाळला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो.