उभ्याने राबणाऱ्यांचे पाय

दिवसभर उभे राहून पोट भरणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. कुणी पहारेकरी, कुणी दवाखान्यात आया, कुणी चार घरचा स्वयंपाक करणारी. त्यांच्या पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगतात. संध्याकाळी पाय जड होतात, रात्री पेटके येतात. ‘कामाने व्हायचंच’ म्हणून भगिनी हे दुखणे साडीखाली झाकतात. पुढे घोट्याजवळ कातडी काळी पडते, जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. मग रोजही बुडतो.

पायांतील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरांत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते व शीर फुगते. आनुवंशिकता, बाळंतपणे, वाढलेले वजन आणि तासन्‌तास उभे राहणे यांमुळे हा विकार बळावतो. यात कुणाची करणी नाही की पूर्वजन्मीचे पाप नाही.

पूर्वी जांघेत कापून शीर ओढून काढीत. त्या धास्तीने अनेकजण अजून डॉक्टरकडे जात नाहीत. पण आता बहुतेकांना कापाकापीची गरज पडत नाही. डॉपलर सोनोग्राफीने बिघाड शोधतात. जागा बधिर करून, सुईच्या छिद्रातून बारीक नळी शिरेत घालतात आणि लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात. रक्त इतर निरोगी शिरांतून वर जाते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. फेसाळ औषधाचे इंजेक्शन ही दुसरी पद्धत. काही दिवस काळेनिळे डाग व दुखणे राहते, क्वचित रक्ताची गुठळी होते आणि पुढे दुसरी शीर फुगू शकते, हेही समजून घ्यावे.

ब्रिटनमध्ये जखम झालेल्या ४५० रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घट्ट पट्ट्या सर्वांनाच बांधल्या होत्या. शिरेवर लवकर उपचार झालेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपचार लांबवलेल्यांत त्याला ८२ दिवस लागले.

तेव्हा वाचकहो, जखमेची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात पाय दाखवा. ईएसआयचे कार्ड असल्यास तिथे चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा. शीर फुटून रक्त वाहिले तर आडवे व्हा, पाय उंच धरा, घट्ट दाबा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

घर ज्या पायांवर उभे आहे, त्या पायांची काळजी घरानेच घ्यायला हवी.