लहान मुलांचे बसणे मोजताना

बैठे वर्तन म्हणजे जागेपणी बसलेल्या, रेललेल्या किंवा आडव्या स्थितीतला १.५ मेटपर्यंतच्या (विश्रांतीच्या दीडपटीपर्यंतच्या) ऊर्जाखर्चाचा काळ. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत शरीराची स्थिती आणि ऊर्जाखर्च या दोन्ही अटी आहेत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या कमरेला बांधतात तो अ‍ॅक्सिलरोमीटर यांपैकी एकही अट थेट तपासत नाही. तो फक्त हालचालीची तीव्रता ‘काउंट’ या एककात नोंदतो. त्यामुळे फळ्यापाशी उभे राहून चित्र काढणारे मूलही बसलेले ठरते, आणि आईच्या कडेवरच्या मुलाच्या नावावर आईची चाल जमा होते.

खरा घोळ उंबरठ्याचा, म्हणजे ज्या काउंटांखालचा वेळ बैठा धरायचा त्या मर्यादेचा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी २००३ मध्ये रायली आणि सहकाऱ्यांनी मिनिटाला ११०० काउंटांखालचा वेळ बैठा धरला. एव्हन्सन यांच्या २००८ च्या, पाच ते आठ वर्षांच्या मुलांवरील अभ्यासात हीच मर्यादा १५ सेकंदांना २५, म्हणजे मिनिटाला १०० काउंट आहे. तफावत अकरा पटींची! एकच नोंद एका उंबरठ्याने सुस्त मुलाची ठरते, तर दुसऱ्याने चळवळ्या मुलाची. उंबरठा न सांगता दिलेले बसण्याचे तास कशाशीही ताडून पाहता येत नाहीत, आणि अशा आकड्यांवरून पालकांना सल्ला देणे अन्यायाचे आहे.

नोंदीचा कालखंडही १५ सेकंद किंवा त्याहून लहान हवा. मुले काही सेकंद धावतात, थबकतात, पुन्हा धावतात. मिनिटाच्या सरासरीत धावणे आणि बसणे दोन्ही विरून मधलीच हलकी हालचाल उरते.

मांडीला चिकटवायचे अ‍ॅक्टिव्हपॅल हे यंत्र मांडीचा कल मोजत असल्याने बसणे आणि उभे राहणे वेगळे काढते. पण गुडघ्यांवर ताठ उभे असलेले मूल त्याला उभेच वाटते आणि उकिडवे बसलेले नुसते बसलेले, जरी त्याचे स्नायू काम करत असले तरी. जमिनीवर खेळणाऱ्या अंगणवाडीच्या मुलांबाबत ही त्रुटी किरकोळ नाही.

नोंदीतल्या सलग शून्य काउंटांचा अर्थ लावणे तितकेच नाजूक. यंत्र काढून ठेवले असे समजून दहा मिनिटांची शून्ये वगळली तर शांत बसलेले मूल हिशेबातून निसटते. साठ मिनिटांची मर्यादा ठेवली तर काढून ठेवलेले यंत्रही बसलेले मूल होते. दुपारची झोप वेगळी काढायला पालकांची किंवा सेविकेची नोंदवही लागतेच.

कच्ची प्रवेग-नोंद जपून ठेवावी. तिच्यावर पुढे नवा उंबरठा लावता येतो. मिनिटाच्या काउंटांतून १५ सेकंदांचे काउंट परत मिळत नाहीत.