धास्तीची खरेदी आणि पुरवठ्याचे दायित्व

संकटाची चाहूल लागताच किराणा दुकानांपुढे जी झुंबड उडते ती समाजाच्या बेशिस्तीचा आणि आपमतलबीपणाचा पुरावा होय, असे मत अलीकडे पुन्हा एकदा मोठ्या आत्मविश्वासाने मांडले गेले आहे. या मताचा सारांश थोडक्यात असा की, मार्च २०२० मध्ये देशाच्या गोदामांत धान्य मुबलक होते. लोकांनी धीर धरून नेहमीइतकेच घेतले असते तर एकाही दुकानाची फळी रिकामी पडली नसती. परंतु शेजाऱ्याचा विचार न करणारा ग्राहक गरजेहून जास्त उचलतो आणि टंचाई आपल्या हातांनी ओढवून घेतो. परदेशांतले लोक शिस्तीने वागतात, आपल्याकडची मागची पिढीही सोशीक होती, आताच्या पिढीला मात्र वळण राहिलेले नाही, सबब दुकानांत माणशी मर्यादा घालावी आणि दाराशी पोलीस उभा करावा, असा त्यावरचा उपायही सुचवला गेला आहे. हे मत सुटसुटीत असल्यामुळे पटकन पटते, आणि ते मांडणाऱ्याच्या अंगाला कोणतीही जबाबदारी चिकटत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा मांडले जाते. ते चुकीचे आहे, आणि ज्यांच्यावर दोष ठेवला जातो त्यांच्या बाबतीत अन्यायाचेही आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. भाव वाढेपर्यंत माल दडवून ठेवणे आणि मग तो चढ्या दराने विकणे याला साठेबाजी म्हणतात, आणि १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली ती शिक्षेस पात्र ठरू शकते. उद्या मिळेल की नाही या शंकेने आजच थोडे अधिक घेऊन ठेवणे, ज्याला वर्तमानपत्रे ‘पॅनिक बाइंग’ म्हणतात, ती धास्तीची खरेदी होय. पहिलीत नफा हा हेतू असतो, तर दुसरीत घरातले ताट हा. प्रतिपक्षाने या दोहोंना एकाच दावणीला बांधले आहे. मुखपट्ट्या आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रव दडवणारे लोक खरोखरच होते, आणि त्यांच्यासाठी कायदा हललाही: १३ मार्च २०२० रोजी या वस्तू अत्यावश्यक ठरवल्या गेल्या आणि आठवडाभरातच त्यांच्या कमाल किमती बांधल्या गेल्या. त्या अपराधाचा डाग पाच किलो तांदूळ घेणाऱ्या गृहिणीला लावता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे लोकांनी नेहमीसारखी खरेदी केली असती तर काही बिघडले नसते, या विधानाचा. हे विधान तपासण्यासाठी कळव्यासारखे ठिकाण डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे, कारण देशपातळीवरच्या आकड्यांत जे दिसत नाही ते तेथे दिसते. ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या या उपनगराच्या पूर्वेला घोलाई नगर, भास्कर नगर, वाघोबा नगर अशा वस्त्या डोंगराच्या उतारावर चढत गेल्या आहेत. तेथे घर बहुधा एका खोलीचे, फ्रिज असेलच असे नाही, आणि दुकानातून घेतलेली प्रत्येक गोष्ट पायऱ्या चढून वर न्यावी लागते. अशा घराची नेहमीची खरेदी रोजची किंवा आठवड्याची असते, कारण पैसा रोजचा किंवा आठवड्याचा असतो आणि ठेवायला जागा नसते. अर्धा किलो साखर, सुटे तेल, शॅम्पूची पुडी, पाव किलो डाळ ही त्यांची नेहमीइतकी खरेदी होय, आणि तिची अट अशी की ती नेहमीच्या अंतराने पुन्हा करता आली पाहिजे.

मार्च २०२० मध्ये नेमकी हीच अट मोडली गेली. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. २३ मार्चला राज्यात संचारबंदी पुकारून जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती लागूही झाली. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा होता. किराणा, भाजी, दूध, औषधे यांची दुकाने चालू राहतील हे आदेशात होते, लोकांनी घाबरू नये असे आवाहनही त्याच रात्री झाले. परंतु तोपर्यंत लोक पिशव्या घेऊन बाहेर पडलेले होते, कारण भाषणातून त्यांना कळले होते ते एवढेच की २१ दिवस घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. जो नागरिक एकवीस दिवस बाहेर पडायचे नाही ही आज्ञा पाळू इच्छितो त्याने एकवीस दिवसांचे सामान आणले पाहिजे, आणि जो नेहमीइतकेच सामान आणतो त्याला दर दुसऱ्या दिवशी आज्ञा मोडावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागणे हे नागरिकाला दोन्हीकडून दोषी ठरवण्याची सोय करून ठेवणे होय. बाहेर पडला तर बेजबाबदार, आणि बाहेर पडावे लागू नये म्हणून आधीच सामान भरले तर स्वार्थी! प्रतिपक्षाच्या लेखनात हे दोन्ही आरोप थोड्याच अंतरावर आलेले आहेत आणि त्यांतील विसंगती लेखकाच्या ध्यानातही आलेली नाही.

‘गरजेहून जास्त’ या शब्दांचाही हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या घरात माणशी चारशे ग्रॅम धरले तर रोज दोन किलो धान्य लागते, म्हणजे एकवीस दिवसांना बेचाळीस किलो. त्या रात्री ज्याने दहा किलो पीठ आणि तांदूळ मिळवले त्याने पाच दिवसांची सोय केली होती, तरी त्याची गणना हावरटांत झाली. शिवाय ही पाच माणसे एरवी तीनही वेळा घरी जेवत नव्हती. कळव्याहून रोज मुंबईकडे जाणारा माणूस दुपारी कँटीनमध्ये किंवा गाडीवरच्या वडापाववर भागवत होता, मुलांना शाळेत पोषण आहार मिळत होता, घरकाम करणाऱ्या बाईला कामाच्या घरी चहा-पोळी मिळत होती. शाळा मार्चच्या मध्यालाच बंद झाल्या होत्या, पाठोपाठ खानावळी आणि कार्यालये बंद झाली, आणि बाहेरचे हे सगळे घास एकदम घरच्या चुलीवर आले. किराणा दुकानातील मागणी वाढली ती लोभाने वाढली असे म्हणण्यापूर्वी हे स्थलांतर मोजायला हवे होते.

याचा खणखणीत पुरावा दुधाने दिला. हॉटेले, मिठाईची दुकाने आणि चहाच्या टपऱ्या बंद पडताच राज्यात दूध अतिरिक्त ठरले, इतके की राज्य सरकारला दररोज दहा लाख लिटर दूध लिटरला २५ रुपयांनी विकत घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. शहरातल्या दुकानांपुढे रांगा आणि गावातल्या संकलन केंद्रांवर न विकलेले दूध, ही दोन दृश्ये एकाच आठवड्यातली आहेत. ग्राहकाच्या मनातली भीती हेच जर टंचाईचे मूळ असते तर दुधाची कोठेही विल्हेवाट लागली असती. प्रत्यक्षात माल आणि माणूस यांना जोडणारा मार्ग तुटला होता.

हा मार्ग कळव्यापुरता कसा चालतो हेही सांगितले पाहिजे. येथील भाजी आणि बरेचसे धान्य, मसाले, कांदा-बटाटा नवी मुंबईतील वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून ठाणे-बेलापूर रस्त्याने येते किंवा खाडीपलीकडे ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारातून आणले जाते. वाशीचा बाजार माथाडी कामगारांच्या पाठीवर चालतो. माथाडी म्हणजे पोती डोक्यावरून, पाठीवरून वाहणारा आणि १९६९ च्या राज्य कायद्याने संरक्षण मिळालेला हमाल. लोकल बंद झाली तेव्हा यांतले अनेकजण बाजारापर्यंत पोहोचेनासे झाले, संसर्गाच्या भीतीने व्यवहार अधूनमधून थांबत राहिले, आणि रुग्ण वाढल्यावर ११ ते १७ मे २०२० या काळात बाजार बंदच ठेवावा लागला. ट्रकचालकाला वाटेवर धाबा उघडा मिळेना आणि पोती उतरवायला माणूस मिळेना. केंद्रीय साठ्यात त्या वसंतात गहू-तांदूळ साडेपाच कोटी टनांहून अधिक होता, आणि बफर साठा, म्हणजे संकटासाठी राखून ठेवायचे किमान धान्य, १ एप्रिलच्या निकषाप्रमाणे सुमारे २ कोटी १० लाख टन असला तरी पुरेसा मानला जातो. प्रतिपक्ष हा आकडा विजयाने पुढे करतो. परंतु पंजाबातल्या गोदामातील गव्हाने घोलाई नगरातल्या डब्यात पोळी होत नाही. तो आकडा उलट ग्राहकाच्या बाजूचा साक्षीदार आहे, कारण एवढा साठा असूनही फळ्या रिकाम्या राहिल्या असतील तर दोष उचलणाऱ्याचा नसून पोहोचवणाऱ्याचा आहे.

आणि धास्ती घेणाऱ्यांचा अंदाज तरी चुकला काय? १४ एप्रिलला संपणारी टाळेबंदी ३ मे, मग १७ मे, मग ३१ मेपर्यंत लांबली. ठाण्यात २ जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी आली, ती १२ जुलैपर्यंत असल्याचे सांगितले गेले आणि १९ जुलैपर्यंत वाढली. प्रत्येक वेळी जाहीर मुदतीवर विश्वास ठेवणारा फसला आणि दोन पिशव्या जास्त आणणारा तगला.

अफवेने टंचाई निर्माण होऊच शकत नाही, असे येथे म्हणायचे नाही. समाजशास्त्रात ज्याला स्वतःला खरे करणारे भाकीत म्हणतात, म्हणजे जे खोटे असूनही लोक त्यावर विसंबून वागल्यामुळे खरे ठरते, तसे घडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपल्याची आवई उत्तर प्रदेशात आणि दिल्लीत उठली आणि मिठाची पाकिटे कित्येक पटींनी विकली गेली, मिठाचा पुरवठा मात्र जराही घटलेला नव्हता. पण म्हणूनच ते उदाहरण २०२० ला लावता येत नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला अपघाताविषयीच्या नव्या फौजदारी तरतुदीविरुद्ध मालवाहतूक चालक संपावर गेले आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा टँकर खरोखरच थांबले होते. १ जून २०१७ ला शेतकरी संप सुरू झाला तेव्हा भाजी आणि दूध खरोखरच अडले होते. या रांगांना मिठाच्या रांगेचे माप लावणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय.

परदेशी शिस्तीच्या दाखल्याबद्दल एवढेच पुरे की शौचालयातील कागदासाठी १९७३ साली झुंबड उडाली ती जपानमध्ये, आणि मार्च २०२० मध्ये त्याच कागदाच्या फळ्या रिकाम्या झाल्या त्या ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत.

सोशीक जुन्या पिढीची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्याजोगी आहे, कारण ही गोष्ट प्रत्येक महागाईच्या वेळी कोणीतरी सांगतोच आणि तिचे खंडन दर वेळी विसरले जाते. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने आयात केलेला लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, हे खरे. पण तो गप्प राहून खाल्ला असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्याच वर्षांत मुंबईत स्त्रिया हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, रॉकेल, तेल आणि साखर यांच्यासाठी त्यांनी अधिकाऱ्यांना जाब विचारला, आणि गावोगावच्या मजुरांच्या दबावातून रोजगार हमीची कल्पना कायद्यापर्यंत पोहोचली. रेशनची रांग हा त्या पिढीच्या नित्यक्रमाचा भाग होता, आणि साखर सुटली असे कळताच वेळ-काळ न पाहता दुकानाकडे धावणे हा शहाणपणाचा भाग होता. त्या स्त्रियांच्या रागाला सोशीकपणा ठरवून आजच्या स्त्रियांना धडा शिकवणे हा त्यांचाच अपमान आहे. व्यापाऱ्याने किती साठा करावा हाही असाच जुना वाद आहे. अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या २०२० च्या सुधारणेने धान्य, डाळी, तेल, कांदा, बटाटा यांच्यावरची साठामर्यादा असाधारण परिस्थिती वगळता उठवली होती आणि पुढच्याच वर्षी ती सुधारणा मागे घ्यावी लागली. ज्या काळात मोठ्या साठवणुकीला मोकळीक देण्याची भाषा होत होती त्याच काळात घरातल्या पिंपाकडे संशयाने पाहिले गेले, हा योगायोग प्रतिपक्षाने लक्षात घ्यावा.

माणशी मर्यादेचा उपाय वरवर न्याय्य दिसतो, पण तो एकट्याच्या आणि आठ जणांच्या घराला एकच माप देतो, आणि आजारी शेजारणीसाठी सामान आणणाऱ्या मुलालाच आधी अडवतो. दाराशी पोलीस उभा केल्याने रांग सरळ होते, माल येत नाही.

मग काय करावे? निर्बंध जाहीर करण्याच्या आधी, त्याच्या नंतर नव्हे, प्रत्येक प्रभागात कोणती दुकाने कोणत्या वेळी उघडी राहतील आणि त्यांना माल कोठून मिळेल हे सांगितले गेले पाहिजे. हमाल, चालक आणि दुकानातली पोरे यांना डॉक्टरांइतकेच आवश्यक मानून त्यांच्या येण्याजाण्याची सोय झाली पाहिजे. आवश्यक सेवकांसाठी लोकल सुरू झाली ती १५ जूनला, इतका उशीर परवडणारा नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारीची वही ही अशा वेळी शेकडो घरांची खरी शिधापत्रिका ठरते, म्हणून त्याला घाऊक माल आधी मिळेल अशी व्यवस्था असावी.

आणि सर्वांत आधी रेशन. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांना माणशी पाच किलो मोफत धान्याची घोषणा २६ मार्चला झाली, परंतु राज्यात शहरी भागात ज्यांचे वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत आहे अशी केशरी कार्डाची कुटुंबे त्या कायद्याच्या बाहेर होती. त्यांच्यासाठी गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने देण्याचा निर्णय झाला तो मे आणि जून या महिन्यांसाठी. ज्यांच्याकडे कार्डच नव्हते त्या स्थलांतरितांसाठीची केंद्राची घोषणा १४ मेची. मार्चअखेर ते मे या मधल्या आठवड्यांत कळव्याच्या डोंगरावरच्या केशरी कार्डवाल्या घराला सरकारकडून स्वस्त धान्याचा हक्क नव्हता, कामाची शाश्वती नव्हती, लोकल नव्हती, आणि हाती होते ते २४ मार्चच्या रात्री रांगेत उभे राहून आणलेले दहा किलो तांदूळ. त्या तांदळाला साठेबाजी म्हणणारे वाक्य प्रतिपक्षाने मागे घ्यावे.