वय झालं म्हणून मोटारसायकल सोडायची?

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. वय बघा, अडुसष्ट! आणि अजून ती जुनी येझदी सोडवत नाही."

असं म्हणणारा मुलगा आणि शेजारी मान खाली घालून बसलेले वडील, हे दृश्य कोणत्याही दवाखान्यात दिसतं. वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेलं असतं, गोळ्या वेळेवर सुरू असतात, छातीत दुखत नसतं. मुलाची काळजी खोटी नसते. पण त्याला माझ्याकडून सल्ला नको असतो, शिक्का हवा असतो: "बंद करा."

अशा वेळी मला बर्ट मन्रो आठवतो.

मन्रो न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावचा. जन्म १८९९ चा. त्याने १९२० साली 'इंडियन स्काउट' ही अमेरिकन मोटारसायकल घेतली. तिचं इंजिन ६०० सीसीचं आणि वेग जेमतेम ताशी ९० किलोमीटर. पुढची कित्येक वर्षं तो शेडमध्ये बसून तिचे पिस्टन स्वतः ओतत राहिला, भाग घासत राहिला. मग ती गाडी त्याने अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर नेली. तिथे शर्यत दुसऱ्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, ४७ वर्षं जुन्या गाडीवर त्याने १००० सीसीखालच्या गटात विक्रम केला. हिशेबातली चूक २०१४ मध्ये दुरुस्त झाल्यावर तो आकडा ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर ठरला. २००५ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. त्यातल्या मन्रोला प्रवासाला निघण्याआधीच अंजायना असतो. प्रत्यक्षातही अखेरच्या वर्षांत त्याला हृदयविकार होता.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर असून अशा माणसाचं कौतुक करता? तर नाही, त्याची नक्कल करा असं मी सांगत नाही. १९६७ सालीच भर वेगात त्याची गाडी डगमगू लागली. वेग कमी करायला तो उठून बसला, तर वाऱ्याने गॉगल उडाला, दिसेनासं झालं आणि शेवटी गाडी आडवी घालावी लागली. मार्गावरची लोखंडी खूण थोडक्यात हुकली. पण ते मैदान रिकामं होतं. तिथे त्याने धोका पत्करला तो स्वतःच्या जिवावर. आपल्या रस्त्यावर शाळेची मुलं, भाजीची गाडी, समोरून येणारी रिक्षा असते. हा फरक मोठा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की "वय झालं" हे निदान नाही. जन्मतारीख बघून हृदय किती चालतं ते कळत नाही, तपासून कळतं. आणि सगळंच बंद करणं हाही धोका असतो. हृदयविकारानंतर घरात बसवलेला माणूस अशक्त होतो, अनेकदा उदास होतो. हालचाल थांबल्याने स्नायू गळतात, साखर आणि वजन वाढतं. त्या येझदीपायी काका रोज तासभर उठबस करत असतील, मित्रांना भेटत असतील, तर तीही हिसकावण्याआधी विचार करायला हवा.

म्हणून मी शिक्का मारण्याऐवजी काही गोष्टी विचारतो.

छातीत कधी दुखतं? ठरावीक श्रमानंतर दुखून आराम केल्यावर थांबणं वेगळं. बसल्या जागी दुखत असेल, किंवा दुखणं वाढत चाललं असेल, तर गाडी बंद आणि तपासणी आधी.

किक मारताना दम लागतो का? जुन्या गाडीची किक म्हणजे अचानक केलेले श्रम. थंडीच्या सकाळी हृदयावर ताण येतो तो नेमका असाच. सेल्फ स्टार्टची गाडी हा साधा उपाय असू शकतो.

गोळ्या कोणत्या? जिभेखालच्या गोळीने रक्तदाब उतरतो, चक्कर येऊ शकते. ती घेऊन लगेच हँडल धरू नका. वाटेत दुखलं तर थांबा, बसा, मग गोळी. दुखणं थांबलं नाही तर १०८. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने साखर अचानक उतरते, त्यामुळे उपाशीपोटी गाडी नको. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. पडल्यावर डोक्यात रक्तस्राव झाला तर तो वाढायला वेळ लागत नाही. हेल्मेट अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा.

डोळे आणि पाय? मोतीबिंदूत समोरचा दिवा डोळ्यांवर पसरतो. मधुमेहाने पाय बधिर झाले तर ब्रेक किती दाबला तेच कळत नाही.

फिट आली, शुद्ध हरपली, नुकताच हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात झाला, तर मात्र वाद नाही. डॉक्टर परत परवानगी देईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

आणि काकांनो, तुम्हालाही सांगतो. किल्ली जाईल या भीतीने दुखणं लपवू नका. घरचे रागावले तरी चालेल, मला खरं सांगा. लपवलेल्या दुखण्यावर मी काहीच करू शकत नाही.

मन्रोला १९७७ साली पक्षाघात झाला. हातापायांचा ताळमेळ पूर्वीसारखा राहिला नाही, हे त्याला जाणवलं. गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्याने दोन्ही मोटारसायकली तिथल्याच एका विक्रेत्याला विकल्या. किल्ली कोणी हिसकावली नाही, त्याने स्वतः दिली. पुढच्याच जानेवारीत तो वारला.

त्या मुलांना माझं हेच सांगणं असतं. बाबांना बरोबर घेऊन या, पण त्यांच्या वतीने बोलू नका. तपासण्या करू, धोका त्यांना नीट समजावून सांगू. थांबायची वेळ आली तर तेही त्यांना कळू दे, त्यांच्याच तोंडून येऊ दे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)